आठ आण्यांचा कुत्रा

वसुबारसेला आपण गाय-वासराची पूजा करतो आणि दिवाळीला आरंभ होतो. नेपाळात याच सणात, आपल्या नरकचतुर्दशीच्या सुमारास, कुत्र्याचा मान असतो. कुत्रा घरचा असो की गल्लीतला, त्याच्या कपाळी टिळा लावतात, गळ्यात फुलांची माळ घालतात आणि त्याला गोडधोड खाऊ घालतात. आपल्याकडे त्याच दिवशी तो बिचारा फटाक्यांना भिऊन खाटेखाली दडलेला असतो! या दडून बसणाऱ्या प्राण्यासाठी एकदा मुंबईने आपली दुकाने बंद केली होती, हे सांगितले तर पुष्कळांना नवल वाटेल.

पण मुंबईला जाण्यापूर्वी आपल्या मराठवाड्याकडे पाहू. नांदेड जिल्ह्यातले माहूर हे दत्तप्रभूंचे ठाणे. दत्ताच्या पायाशी चार कुत्रे असतात आणि ते चार वेद आहेत, असे आपण लहानपणापासून ऐकतो. लोहा तालुक्यातल्या माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. खंडोबाच्या सोबतही कुत्रा असतोच. आणि त्या यात्रेत घोड्यांबरोबर कुत्र्यांचेही प्रदर्शन भरते. लातूर-नांदेडकडच्या माळरानावर लांब तोंडाचा, सडपातळ अंगाचा कारवानी कुत्रा शेळ्यामेंढ्यांमागे आणि सशामागे धावत आला आहे. नरसीच्या नामदेवांची कथा तर घरोघरी ठाऊक आहे. कुत्र्याने पोळी पळवली, तेव्हा नामदेव काठी न घेता तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले.

इतके सगळे असूनही भांडण लागले की पहिली शिवी कुत्र्याच्या नावाची! आपला कुत्र्याशी असलेला व्यवहार असा दुटप्पी आहे. देवाच्या पायाशी तो वेद आणि दारात आला की हाड्!

आता 1832 सालच्या मुंबईत चला. तेव्हा कंपनी सरकारचा अंमल होता. रस्त्यांवर मोकाट कुत्री फार झाली म्हणून वर्षातून ठराविक दिवसांत ती मारावीत, असा नियम होता. 15 एप्रिल ते 15 मे आणि 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर, अशा त्या मुदती. 1832 साली पोलीस मॅजिस्ट्रेटने उन्हाळ्याची मुदत 15 जूनपर्यंत वाढवली. मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस होते.

वाचकहो, या आठ आण्यांतच सगळी मेख आहे. त्या काळी आठ आणे ही गरिबाला लहान रक्कम नव्हती. आता विचार करा, उकिरड्यावरचा चपळ, माणसाला ओळखून असलेला कुत्रा हाती लागणे सोपे, की ओसरीवर निवांत झोपलेला घरचा कुत्रा? मारेकरी लोकांच्या आवारांत शिरून पाळलेली कुत्रीही मारतात, अशा तक्रारी होऊ लागल्या. सरकारने कुत्र्याला किंमत लावली, पण कुत्रा कोणाचा हे विचारलेच नाही.

6 जून 1832 हा पारशी लोकांच्या सणाचा दिवस होता. पारशी धर्मात कुत्र्याला मोठे स्थान आहे. माणूस मेल्यावर त्याच्या देहावर कुत्र्याची नजर पडावी, असा त्यांचा विधी आहे. नेमक्या त्या दिवशी कोट भागात कुत्री मारणे चालू होते. जमाव खवळला आणि पोलिसांवर हात पडला. दुसऱ्या दिवशी पारश्यांबरोबर हिंदू, जैन, इस्मायली असे सगळेच उठले. दुकाने बंद झाली, कुलाब्याच्या फौजेची रसद अडवली गेली. शेवटी लष्कर आणावे लागले, धरपकड झाली, खटले चालले. आधुनिक मुंबईतल्या पहिल्या दंगलींत या दंगलीची गणना होते.

पुढे जमशेटजी जिजीभाईंसारख्या वजनदार माणसांनी सरकार आणि लोक यांच्यात मध्यस्थी केली. हे जमशेटजी 1842 साली 'सर' झाले. 1834 साली त्यांनी आणि शेठ मोतीशहांनी मुंबईची पांजरपोळ उभारली. अनाथ जनावरांना छप्पर मिळाले, ही मोठीच गोष्ट. तरी मूळ प्रश्न सुटला नाही. कारण एका बाजूला मारणारे होते, दुसऱ्या बाजूला वाचवणारे होते. मधली, रोज सांभाळणारी बाजू मात्र रिकामीच राहिली. ती आजही बरीचशी रिकामी आहे.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्या शाळेजवळच्या गल्लीत मोत्या नावाचा एक कुत्रा होता. चार घरची पोळी खाई आणि रात्री राखण करी. कोणी विचारले तर चारही घरे म्हणत, "मोत्या आमचाच!" एके दिवशी तो माझ्या वर्गातल्या नऊ वर्षांच्या मुलाच्या पोटरीला चावला. लस टोचली आहे का, हे विचारायला मी त्या घरांत गेलो. "नाही हो गुरुजी, तो आमचा नव्हे. असाच येतो." पोळी घालताना मोत्या सगळ्यांचा होता, चावला तेव्हा तो कोणाचाच नव्हता. इकडे पोराच्या आजीने जखमेत तिखट भरले होते. आम्ही ती साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुतली आणि त्याला सरकारी दवाखान्यात नेले. पोरगा बरा झाला.

तो योगही नऊचाच. 6 जुलै 1885 रोजी पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांनी जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषावरची लस दिली आणि तो वाचला. आपल्या देशात 1900 साली कसौलीला पाश्चर संस्था निघाली. पुढे पोटातली ती चौदा इंजेक्शने आली; त्यांच्या भीतीनेच माणसे दवाखाना टाळत. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती लस 2005 च्या सुमारास बंद झाली. आता दंडात थोडीशीच इंजेक्शने घ्यावी लागतात. पण लक्षणे दिसू लागल्यावर या रोगाला औषध नाही, हे मात्र पाश्चरच्या वेळी खरे होते आणि आजही खरे आहे.

कायदाही हळूहळू शहाणा झाला. 2001 साली नियम आले आणि 2023 साली ते नव्याने आले. कुत्री मारावयाची नाहीत. ती पकडावी, त्यांची नसबंदी करावी, लस टोचावी, कानाला खूण करावी आणि जिथून आणली तिथेच सोडावी. हे काम महापालिकेचे, नगरपालिकेचे, पंचायतीचे. 22 ऑगस्ट 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या प्रकरणात हाच मार्ग सांगितला; पिसाळलेली व अंगावर धावणारी कुत्री तेवढी वगळली आणि खाऊ घालण्यास ठराविक जागा नेमण्यास सांगितले. 7 नोव्हेंबरला शाळा, दवाखाने, बसस्थानके यांच्या आवारातून कुत्री हलवण्याचा आदेशही झाला.

तिथेच परत का सोडायचे, असे लोक विचारतात. उत्तर सोपे आहे. उकिरडा तसाच राहिला तर रिकाम्या गल्लीत दुसरी कुत्री येतात, तीही लस न टोचलेली. कुत्रीला दोन महिन्यांत पिले होतात. मारणाऱ्याचा हात तिच्या वेगाला पुरत नाही. शेजारच्या गोव्याने दुसरी वाट धरली. दर शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस टोचायचे ध्येय ठेवून माणसे वर्षानुवर्षे गावोगाव फिरली. 2018 पासून पुढची काही वर्षे तिथे या रोगाने एकही माणूस दगावला नाही आणि 2021 साली तो काबूत आल्याचे गोव्याने जाहीर केले.

पण सगळे पालिकेवर सोडून चालणार नाही. रस्त्यावरची पुष्कळ कुत्री कधीतरी कोणाच्या तरी दारातून निघालेली असतात. घरची कुत्री व्याली की पिले पोत्यात घालून गावाबाहेर सोडणारे हात आपलेच असतात. 'धोब्याचा कुत्रा, ना घरचा ना घाटचा' या म्हणीत आपण कुत्र्याला हसतो; खरे म्हणजे ती धोब्याला लागू आहे.

नामदेव तूप घेऊन धावले, कारण ज्याने आपली पोळी खाल्ली त्याची पुढची काळजीही आपलीच, असे त्यांनी मानले. आजच्या तुपाची वाटी म्हणजे वर्षाची लस, गळ्यातला पट्टा आणि वेळीच केलेली नसबंदी. मारण्याची किंमत 1832 साली आठ आणे होती. सांभाळण्याची त्याहून थोडी अधिक पडते, इतकेच.

या दिवाळीत फटाके वाजू लागले की आपल्या कुत्र्याला घरात घ्या. आणि गल्लीतला मोत्या कोणाचा, हे चार घरांनी फराळाला बसल्या बसल्या ठरवून टाका.