कुंडलिकेतले परके पाणी

माझे घर पेणला. आमची भोगावती उन्हाळ्यात आटते, त्यामुळे वैशाखातही भरून वाहणारी रोह्याची कुंडलिका मला कोड्यासारखी वाटे. काही वर्षांपूर्वी कोलाडच्या वरच्या अंगाला, खळखळाट संपून पात्र संथ होते तिथे, दोघे मित्र आणि एक होडीवाले काका असे आम्ही दिवसभर वल्ही मारली, गळ टाकून मासे धरले आणि रात्री काठावर मुक्काम केला. सकाळी जाग आली तेव्हा संध्याकाळी उघडा असलेला खडक बुडाला होता. आभाळ निरभ्र. काका म्हणाले, "वर भिऱ्याला पाणी सोडलं, भाऊ. ही आमची दुसरी भरती."

पहिली भरती समुद्राची. रेवदंड्याच्या खाडीतून ती रोह्याकडे चढते. एकेकाळी याच भरतीवर मचवे माल घेऊन येत आणि ओहोटीबरोबर परतत. ही दुसरी भरती मात्र जेमतेम शंभर वर्षांची आहे. भिऱ्याचे वीजकेंद्र १९२७ साली सुरू झाले. घाटमाथ्यावर टाटांनी मुळा नदी मुळशीला अडवली. पुण्यावरून भीमेला, पुढे कृष्णेला मिळून पूर्वेच्या समुद्राकडे जाणारे तिचे पाणी कडा उतरून जनित्रे फिरवते आणि कुंडलिकेत येते.

या धरणाखाली मावळातल्या पन्नासएक गावांची शेते-घरे जाणार होती. त्याविरुद्ध १९२१ च्या एप्रिलमध्ये, रामनवमीला, मुळशी सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट त्याच लढ्यात 'सेनापती' झाले. लढा हरला, भातखाचरे बुडाली, मुंबईला वीज मिळाली.

कोलाडचे राफ्टिंग आज याच सोडलेल्या पाण्यावर चालते. खालची शेती आणि धाटावचे कारखानेही त्यावर विसंबून आहेत. उलट भीमा खोऱ्यात 'आमचे पाणी आम्हाला परत द्या' ही मागणी अधूनमधून उठते. ती चूक आहे असे मला म्हणता येत नाही. पण ते पाणी थांबले तर काकांनी होडी कुठे घालावी, हेही सांगता येत नाही.

सहलीला येणाऱ्याने नदीचा आनंद जरूर घ्यावा. फक्त वल्हे पाण्यात घालताना मुळशीचे नाव एकदा आठवावे, एवढेच मागणे आहे.