कंदवर्गीय फुलझाडांचे कवकजन्य रोग (वसई–विरार)

ट्युलिपच्या कंदाला फुलण्याआधी काही आठवडे थंडी लागते. त्यामुळे पालघर जिल्ह्यातील या दमट किनारपट्टीवर त्याची शेती नाही. येथील कंदफुले म्हणजे लिली (हायमेनोकॅलिस) व निशिगंध. लिलीच्या मिटलेल्या कळ्यांच्या जुड्या बांधून दादरच्या फुलबाजारात पाठवतात.

खोडकूज : निशिगंधाचा मुख्य रोग. स्क्लेरोशियम रॉल्फसाय या कवकामुळे होतो. वनस्पतिरोगतज्ज्ञ रॉल्फ्स यांनी १८९२ मध्ये फ्लॉरिडात टोमॅटोवर हे कवक प्रथम पाहिले. त्याचे नामकरण कवकतज्ज्ञ साकार्डो यांनी १९११ मध्ये केले. प्रथम पानांचा हिरवा रंग उडतो, मग ती जमिनीलगत कुजून गळतात. बुंध्याची माती बाजूला सारली की पांढऱ्या तंतूंचे जाळे दिसते. त्यात मोहरीएवढे गोल दाणे असतात. आधी पांढरे, पुढे तपकिरी. पीक काढल्यावरही हे दाणे मातीत काही वर्षे जिवंत राहतात. वाहते पाणी, कुदळीला चिकटलेली माती आणि रोगट कंद यांवाटे ते दुसऱ्या वाफ्यात पोहोचतात. रोगट झाड उपटून भागत नाही. भोवतालची मातीही उचलून वाडीबाहेर नेऊन नष्ट करावी लागते. लागवडीसाठी निरोगी कंद निवडणे व शेणखतातून ट्रायकोडर्मा (उपकारक कवक) देणे हे उपाय आहेत.

कंदकूज : फ्युझेरियम वंशातील कवकांमुळे. साचलेल्या पाण्यात गुदमरलेली मुळे याला लवकर बळी पडतात. म्हणून वसईत या रोगाचा विचार निचऱ्यापासूनच सुरू व्हायला हवा. वाड्यांतील बावखले (लहान तळी) पावसाचे पाणी पोटात घेत व उन्हाळ्यात शिंपण्याला पुरवत. त्यांतील कित्येक बुजवली गेली. जुलै २०१८ मध्ये वसई–विरार पाण्याखाली गेले, तशा पावसात सखल वाफ्यातला कंद वाचवणारे औषध नाही. उंच गादीवाफा व मोकळे चर हाच खरा इलाज.

तांबडा करपा : स्टॅगोनोस्पोरा कर्टिसाय. ॲमरिलिस कुळातील झाडांच्या पानांवर व दांड्यांवर तांबडे चट्टे. तशी तांबडी खूण इतर इजांनीही उमटते; केवळ रंगावरून निदान करू नये.

ट्युलिपचे रोग (येथे हे पीक नाही, केवळ तुलनेसाठी) : बोट्रायटिस ट्युलिपी (करपा) आणि फ्युझेरियम (कंदकूज). फ्युझेरियमग्रस्त कंद इथिलीन वायू सोडतात व साठवणीतील निरोगी कंदांच्या कळ्याही त्याने आतल्या आत सुकतात.