घटकनिहाय प्रक्रिया (अंतर्गत सजावटीचे चित्रण)

घटकनिहाय प्रक्रिया ही कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेली खोल्यांची चित्रे सुधारण्याची एक पद्धत आहे. या पद्धतीत संपूर्ण दृश्य एकाच सूचनेतून पुन्हा न घडवता भिंती, जमीन, छत, फर्निचर व दिवे हे घटक वेगळे काढून एकेक सुधारले जातात आणि शेवटी एकत्र बसवले जातात. चित्रांचे थर पारदर्शकतेच्या आधारे जोडण्याचे गणित थॉमस पोर्टर व टॉम डफ यांनी १९८४ मध्ये मांडले होते. त्या अर्थाने मूळ कल्पना जुनीच आहे.

कारण

२०२२ मध्ये खुले झालेले स्टेबल डिफ्युजन हे प्रारूप ५१२ × ५१२ पिक्सेलच्या चित्रावर थेट काम न करता त्याच्या ६४ × ६४ चौकटींच्या संक्षिप्त रूपावर काम करते. त्यामुळे चित्रात ४० पिक्सेल रुंद दिसणाऱ्या कोनाड्याच्या वाट्याला रुंदीत जेमतेम पाच चौकटी येतात व त्याच्या कडा विरघळल्यासारख्या दिसतात. तोच भाग आजूबाजूच्या भिंतीसह कापून चौपट मोठा केल्यास वीस चौकटी मिळतात. शिवाय या प्रारूपाच्या सुरुवातीच्या आवृत्त्या सूचनेचे केवळ ७७ शब्दखंड वाचत असल्याने लांबलचक वर्णनाचा शेवट गळून पडतो.

कार्यपद्धती

प्रथम घटकाची सीमा दाखवणारा मास्क तयार करतात. मेटा कंपनीच्या ‘सेगमेंट एनिथिंग’ (एप्रिल २०२३) या प्रारूपामुळे हे काम बरेच सोपे झाले. खोलीची रचना ढळू नये म्हणून कंट्रोलनेट (२०२३) वापरून मूळ चित्रातील रेषा किंवा खोलीचा नकाशा, म्हणजे कोणती वस्तू किती अंतरावर आहे याची नोंद, प्रारूपाला दिली जाते. साधारणपणे आधी भिंती व जमीन, मग मोठे फर्निचर आणि नंतर लहान वस्तू असा क्रम ठेवतात. मास्कबाहेरील पिक्सेल मूळ चित्रातूनच परत घेतले जातात, अन्यथा प्रत्येक फेरीत उरलेले चित्रही किंचित बदलत जाते.

अमरावती व अकोला परिसरातील धाब्याच्या घराचे चित्र हे या पद्धतीचे चांगले उदाहरण ठरेल. अशा दृश्यात छताच्या लाकडी कड्या, सारवलेली जमीन, ओसरीवरील बंगई आणि खिडकीतला कूलर असे घटक येतात. स्टेबल डिफ्युजनचे प्रशिक्षण मुख्यतः इंग्रजी वर्णने असलेल्या चित्रांवर झाले असल्याने ‘बंगई’ या शब्दातून योग्य वस्तू मिळण्याची शक्यता कमी असते. त्याऐवजी बागेतला दोरीचा झोका येऊ शकतो. साखळ्यांना टांगलेल्या लाकडी फळीचे छायाचित्र संदर्भ म्हणून देऊन तेवढाच भाग घडवणे अधिक खात्रीचे असते. येथे शब्दापेक्षा छायाचित्र उपयोगी पडते.

मर्यादा

वेगवेगळ्या घडवलेल्या घटकांचा प्रकाश जुळत नाही, ही मुख्य अडचण आहे. बंगईची सावली तिच्या मास्कबाहेर जमिनीवर पडते, त्यामुळे वस्तू बदलूनही सावली जुनीच राहते. मास्क सावलीपर्यंत वाढवणे आणि अखेरीस संपूर्ण चित्रावर सौम्य फेरी देणे हे त्यावरील उपाय आहेत. फेरी तीव्र झाल्यास सुधारलेले घटक पुन्हा बिघडतात. चित्र कितीही सुबक झाले तरी त्यात मोजमाप नसते. सुताराला किंवा गवंड्याला काम सांगताना स्वतंत्र मोजमापाचा आराखडा लागतोच, आणि चित्रात कड्या ज्या खांबावर टेकलेल्या दिसतात तो खांब छताचा भार पेलेल की नाही, हे प्रारूप तपासत नाही.