वळिवड्याच्या हिवाळ्यातलं जादा ताट

गारठा पडायला लागलाय. गुऱ्हाळं पेटली आहेत, उसाच्या तोडी सुरू आहेत आणि सकाळी चुलीपुढून उठावंसं वाटत नाही. अशा दिवसांत आपल्याच जिल्ह्यातली एक जुनी गोष्ट सांगते. परक्या मुलखातून आलेल्या शेजारणींची.

कोल्हापूरहून मिरजेकडे जाणाऱ्या गाडीत बसलं, की थोड्याच वेळात वळिवडे स्टेशन येतं. पंचगंगेच्या जवळचा हा भाग. १९४३ ते १९४८ अशी पाच वर्षं इथं पोलंड देशातल्या सुमारे पाच हजार माणसांची वसाहत होती. त्यात बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं.

ती इतक्या लांब कशी आली? १९३९ च्या सप्टेंबरात पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनीनं आणि पूर्वेकडून सोव्हिएत रशियानं चढाई केली. पुढच्या वर्षी, १० फेब्रुवारी १९४० ला, ऐन थंडीत रशियाच्या शिपायांनी पूर्व पोलंडमधल्या शेतकरी घरांची दारं ठोठावली. हाताला लागेल ते गाठोडं बांधून माणसं मालगाडीच्या डब्यांत बसवली आणि सायबेरियाकडे नेली. पुढच्या महिन्यांत अशा आणखी गाड्या गेल्या, काही कझाकस्तानला. तिथं झाडं तोडायची, बर्फात राबायचं आणि मोजून मिळेल ती भाकर खायची. किती तरी लेकरं आणि म्हातारी तिथंच गेली.

१९४१ मध्ये जर्मनीनं रशियावरच हल्ला केला, तेव्हा या लोकांची सुटका झाली. पुरुष नव्या पोलिश फौजेत भरती झाले. १९४२ मध्ये ही फौज आणि तिच्यामागून बायकामुलं इराणमध्ये उतरली. बायकामुलांना ठेवायचं कुठं, हा प्रश्न होता. जामनगरच्या जामसाहेबांनी पोरक्या मुलांना बालाचडीत आसरा दिला. कोल्हापूर संस्थानात वळिवड्याला मोठी छावणी उभी राहिली. तिचा खर्च लंडनमधलं पोलंडचं सरकार करत होतं.

कौलारू छपराच्या लांबच लांब चाळी आणि एकेका कुटुंबाला त्यातल्या खोल्या, अशी ती वस्ती होती. तिथं शाळा होत्या, दवाखाना होता, चर्च होतं, नाटकं व्हायची. रविवारी सगळी वस्ती प्रार्थनेला जमायची. आपल्याकडचे विक्रेते भाजी, फळं, कापड घेऊन तिथं जायचे. पैशाचा हिशेब करता करता त्यांनी पोलिश बोली उचलली. पुस्तकाविना, नुसत्या बाजारानं!

आता हिवाळ्याचं सांगते. २४ डिसेंबरची संध्याकाळ म्हणजे पोलंडच्या माणसांचा वर्षातला मोठा सण. त्या दिवशी मांस शिजत नाही. पोरं आभाळाकडे बघत बसतात आणि पहिली चांदणी दिसल्याशिवाय कुणी घास घेत नाही. आपल्या चतुर्थीला चंद्राची वाट बघतो, तसंच. जेवणाच्या टेबलावरच्या कापडाखाली थोडं वाळलेलं गवत पसरतात. मग पापडासारखी पातळ पोळी घरातली सगळी एकमेकांच्या हातातून मोडून घेतात, एकमेकांचं बरं चिंततात. आणि एक ताट जादा मांडतात. दारात अचानक कुणी आलं, तर त्याच्यासाठी.

वळिवड्याला ते जादा ताट मांडताना त्या बायकांच्या मनात काय येत असेल? कुणाचा नवरा सायबेरियात राहिला, कुणाचा फौजेबरोबर गेला. १९४४ मध्ये ही पोलिश फौज इटलीत लढत होती. आणि मैत्रिणींनो, त्याच वर्षी त्याच इटलीत, ब्रिटिशांच्या त्याच आठव्या सैन्यात, आपली मराठा पलटणही लढत होती. म्हणजे छावणीच्या आत एक आई पोस्टमनची वाट बघत होती आणि आपल्याकडच्या गावागावांत दुसरी. दोघींची पोरं एकाच देशातल्या चिखलात होती. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण काळजी एकच होती.

युद्ध संपलं, तरी त्यांचं घर परत मिळालं नाही. पूर्व पोलंड रशियाकडेच राहिला. १९४७-४८ मध्ये ही माणसं पांगली. काही पोलंडला गेली, पुष्कळ इंग्लंड आणि इतर देशांत गेली. जी इथंच वारली त्यांची थडगी कोल्हापुरात आहेत, आणि महावीर गार्डनमध्ये त्यांच्या आठवणीचा स्तंभ आहे. तिकडे त्यांच्या राजधानीत, वॉर्सा शहरातही, कोल्हापूरच्या नावाचं स्मारक उभं आहे. पाच वर्षांचा शेजार त्यांच्या लेकरांनी सत्तर वर्षं जपला.

रिकाम्या झालेल्या त्या चाळींत लगेच दुसरी माणसं आली. फाळणीत सिंध सोडून आलेली कुटुंबं. तेच आजचं गांधीनगर. लग्नाचा बस्ता बांधायला आपण जिथं जातो, ती पेठ बेघर झालेल्यांनी वसवली आहे.

आणि आज? दर हिवाळ्याला आपल्या शिवाराच्या कडेला खोप्या पडतात. बीडकडून, मराठवाड्यातून ऊसतोडीला जोडपी येतात. नवराबायको मिळून एक कोयता धरतात. उचल फेडण्यासाठी ती बाई पहाटेच्या दवात फडात उतरते. तान्हं पोर उसाच्या पाचटावर निजवते. चार-पाच महिने ती आपल्या गावात राहते आणि बहुतेक वेळा आपल्याला तिचं नावही ठाऊक नसतं.

ऐन तोडीच्या दिवसांत संक्रांत येते. ती बाई तेव्हा आपल्या माणसांपासून लांब असते. आपण हळदीकुंकवाला बोलावतो ती ओळखीची आणि सवाष्ण. तोडीला आलेली कुणी आठवत नाही, आणि विधवा तर बाजूलाच राहते. वळिवड्याच्या त्या वस्तीत हा नियम लावला असता, तर नवऱ्याचा ठावठिकाणा माहीत नसलेल्या किती बायका दाराबाहेर राहिल्या असत्या!

म्हणून आपल्या गटाच्या येत्या बैठकीत एवढंच ठरवूया. यंदाच्या संक्रांतीला वाण चार जादा आणायचं. भोगीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी घेऊन खोपीपर्यंत जायचं. आणि पहिल्यांदा विचारायचं, "बाई, तुझं नाव काय गं?"