'आगमन' या एका शब्दाने माझा विषय बदलला

मागच्या पोस्टनंतर बऱ्याच जणांनी एकच विचारलं : "ताई, संशोधनाचा प्रश्न सापडतो कसा?" माझा कसा सापडला, खरं म्हणजे आधी कसा चुकला, तेच सांगते.

माझं गाव लोणी देवकर. पुण्याला एसटीने जाताना चौफुला लागतो, सोलापूरकडे गेलं की मोडनिंब. दोन्हीकडे रस्त्यालगत संगीत बारीची कला केंद्रं आहेत. लहानपणापासून त्या पाट्या वाचत आले, पण आत काय चालतं हे घरात कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

पीएचडीच्या प्रस्तावाचं माझं पहिलं शीर्षक होतं 'मराठी रंगभूमीवर स्त्रियांचं आगमन'. टप्पे ठरलेलेच. बालगंधर्वांचा स्त्रीपार्टी नटांचा काळ. मग १९२९ मध्ये हिराबाई बडोदेकरांनी नाटक मंडळी काढून स्वतः स्त्री-भूमिका करणं. आणि १९३३ चं नाट्यमन्वंतरचं 'आंधळ्यांची शाळा', ज्यात ज्योत्स्ना भोळे आणि पद्माबाई वर्तक होत्या. मॅडमनी प्रस्ताव वाचून एवढंच विचारलं, "आगमन? कुठल्या रंगभूमीवर?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच पठ्ठे बापूरावांच्या फडात पवळा उभी राहून गर्दी खेचत होती. बेळगावकर स्त्री संगीत मंडळीसारख्या मंडळींत तर पुरुषांच्या भूमिकाही बायकाच करत. म्हणजे बायका रंगमंचावर आधीच होत्या. १९२९-३३ मध्ये आल्या त्या 'प्रतिष्ठित' मानलेल्या नाटकात. हा फरक माझ्या शीर्षकाने गिळून टाकला होता.

त्याच दिवसांत 'स्टेज डोअर' हा १९३७ चा अमेरिकन सिनेमा पाहिला. एडना फर्बर आणि जॉर्ज कॉफमन यांच्या नाटकावरून ग्रेगरी ला कावा यांनी केलेला. न्यूयॉर्कमधल्या एका वसतिगृहात नाटकात काम मिळवायला आलेल्या मुली राहतात. कॅथरीन हेपबर्न, जिंजर रॉजर्स अशा मोठ्या नट्या आहेत, पण लक्षात राहतं ते घर. बेचव जेवण, उसने कपडे, टोमणे आणि फोन वाजला की सगळ्यांचे टवकारलेले कान. वर्षापूर्वी गाजलेली के आता कामाविना उपाशी आहे. तिला हवी असलेली भूमिका श्रीमंत टेरीला मिळते, कारण नाटकाला पैसा पुरवणारा तिचा बाप. पहिल्या प्रयोगाच्या रात्री के जीव देते.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे थांबावं. यशस्वी नटीचं चरित्र मिळतं, फोटो मिळतो, पुरस्काराची नोंद मिळते. के-सारखीची नोंद कुठे राहते? राहिलीच तर त्या घराच्या हिशेबात, खोलीच्या भाड्यात, सोबतिणींच्या आठवणीत.

हे डोक्यात ठेवून मी चौफुल्याकडे पाहिलं. संगीत बारीत थिएटरमालक रंगमंच आणि राहायला खोल्या देतो. वेगवेगळ्या पार्ट्या तिथे राहतात, प्रत्येकीची मालकीण असते, आणि पार्ट्या आळीपाळीने, म्हणजे 'बारी'ने, सादर करतात. मिळकतीत थिएटरचा वाटा असतो. फडाचा तमाशा गावोगाव फिरतो आणि त्यात वग असतो. इथे गाणं, नाच आणि अदा बायकांच्या हातात. एका छताखाली राहणं, आपल्या पाळीची वाट पाहणं, एकमेकींशी स्पर्धा आणि अडीअडचणीला एकमेकींचाच आधार. मला माझं 'घर' दिसलं.

पण सावध राहा, तुलना इथेच घसरते. 'स्टेज डोअर'मधल्या मुली स्वतः निवडून आलेल्या, आणि त्यांच्यात टेरीसारखी घरी परतू शकणारीही आहे. बारीत मात्र अनेक जणी ठरावीक जातींत जन्मल्या म्हणून आल्या, आणि त्यांच्या कमाईवर अख्खं घर चाललं. किशोर शांताबाई काळे यांचं 'कोल्हाट्याचं पोर' वाचलं की ही गाठ किती घट्ट आहे ते कळतं. तुलनेचा उपयोग प्रश्न सुचण्यापुरता. उत्तर आपल्याच मातीतल्या साधनांतून काढावं लागतं.

आपले तमाशापटही असेच तपासून पाहा. 'पिंजरा' (१९७२) मध्ये फड आहे, बायका आहेत, पण गोष्ट चालते मास्तरांच्या अधःपतनाची. फडातल्या बाकीच्या जणी गाण्यापुरत्या मागे उभ्या. कॅमेरा कुणाच्या बाजूने बघतोय, हेही एक साधनच आहे.

आता माझा प्रश्न असा : कलावंतीण, नाचणारी आणि अभिनेत्री या तीन शब्दांमधली भिंत कुणी, कधी आणि कशासाठी बांधली? तुम्हीही प्रस्तावातला सगळ्यात निरुपद्रवी वाटणारा शब्द शोधा. आगमन, उदय, विकास, ऱ्हास. त्याच्यापुढे 'कुणाच्या दृष्टीने?' असं लिहा. माझी चार महिन्यांची रूपरेषा त्या एका प्रश्नात गेली, पण नंतर भेटलेल्या बायकांशी मला निदान सरळ बोलता आलं.

'स्टेज डोअर'च्या शेवटी वसतिगृहात एक नवीन मुलगी खोली मागायला येते. चौफुल्याला पहिल्यांदा उतरले तेव्हा मीही तशीच दारात उभी होते. आतून एका मावशींनी विचारलं, "कुठली गं तू?" मी गाव सांगितलं. त्या हसल्या, "एवढ्या जवळची, आणि आत्ता आलीस व्हय?"