नसलेलं हाड

कोंबडीच्या छातीतलं चिमट्यासारखं हाड आपण पाहिलंय. गळ्याखालची दोन हाडं, म्हणजे कॉलरबोन, जुळून ते बनतं. डेन्मार्कच्या गेरहार्ड हाइलमान यांनी १९२६च्या ग्रंथात पक्षी आणि मांसाहारी डायनोसॉर यांतलं साम्य बारकाईनं दाखवलं, तरी डायनोसॉरांना पूर्वज मानायचं नाकारलं. कारण? त्यांना कॉलरबोन नाही, आणि उत्क्रांतीत गेलेला अवयव परतत नाही.

इथे आपण जरा थांबू. मीमांसक सांगतात, उजेडात घडा दिसला नाही तरच ‘घडा नाही’ म्हणावं, अंधारात नव्हे. जीवाश्मांच्या बाबतीत आपण बहुतेक अंधारातच असतो. १९२४ साली वर्णन झालेल्या ओव्हिरॅप्टरच्या सांगाड्यात ते हाड होतंच! फक्त ते दुसरंच हाड समजलं गेलं. जॉन ऑस्ट्रॉम यांनी १९७०च्या दशकात हे नातं पुन्हा मांडलं, तोवर अर्धशतक उलटत आलं होतं.