लेपाचे कार्य : विद्युत्-जोडकामाच्या इतिहासातील एक प्रकरण

धातूचे दोन तुकडे सांधण्याच्या क्रियेसाठी मराठीत ‘डाख देणे’ व ‘झाळणे’ हे शब्द पूर्वीपासून रूढ आहेत. या दोन्ही क्रियांत मूळ धातू वितळत नाही. त्याहून कमी उष्णतेवर वितळणारा दुसरा धातू फटीत उतरतो आणि थिजून दोन्ही कडा धरून ठेवतो. लोहाराची रीत याहून निराळी आहे. तो लोखंड पांढरे होईपर्यंत तापवितो व घणाखाली एकजीव करतो. दिल्लीजवळील मेहरौलीचा, सहा टनांहून अधिक वजनाचा गुप्तकालीन लोहस्तंभ याच रीतीने घडविला गेला. तेथेही लोखंड मऊ होते, पातळ होत नाही. ‘वेल्डिंग’साठी ‘वितळजोडकाम’ हा प्रतिशब्द योजणाऱ्यांनी नेमक्या याच भेदावर बोट ठेवले आहे. या नव्या क्रियेत जोडावयाच्या कडा स्वतःच वितळतात, आणि तिचा इतिहास हा बव्हंशी या वितळण्यातून उद्भवलेल्या एका अडचणीचा इतिहास होय.

ती अडचण हवेची. वितळलेले पोलाद हवेतील प्राणवायू व नत्रवायू शोषून घेते. थिजल्यावर सांध्यात छिद्रे राहतात आणि धातू ठिसूळ बनतो. तापल्या लोखंडावर वाळू किंवा टाकणखार टाकणाऱ्या लोहाराला या अडचणीचे सौम्य रूप परिचित होते. विद्युत्-प्रज्योतीने तिला उग्र रूप दिले.

रशियन संशोधक निकोलाय बेनार्दोस आणि त्याचा पोलिश सहकारी स्तानिस्लाव ओल्शेव्स्की यांनी 1885 मध्ये ब्रिटिश पेटंट मिळविले. त्यांच्या पद्धतीत कार्बनची कांडी आणि जोडावयाचा धातू यांच्यामध्ये प्रज्योत पेटविली जात असे. 1888 मध्ये निकोलाय स्लाव्यानोव्ह याने कार्बनच्या जागी धातूचीच सळई वापरली. 1890 मध्ये अमेरिकेत चार्ल्स कॉफिन यास अशाच पद्धतीचे पेटंट मिळाले. आता सळई प्रज्योत धारण करी आणि स्वतः वितळून सांधाही भरी. कल्पना पूर्ण झाली होती, परंतु सळई उघडी होती. तिची प्रज्योत अस्थिर असे व सांधा भरवशाचा नसे. म्हणून ज्या कामावर माणसांचे जीव अवलंबून आहेत, अशा कामात रिव्हेटचे स्थान अबाधित राहिले.

हा गुंता सोडविण्याचे श्रेय मुख्यतः स्वीडनच्या ऑस्कर केलबर्ग याच्याकडे जाते. जहाजांचे बॉयलर दुरुस्त करताना त्यास उघड्या सळईचे दोष जाणवले होते. त्याने 1904 मध्ये गोथेनबर्ग येथे ‘एसाब’ ही कंपनी स्थापन केली आणि लेप दिलेल्या सळईची पद्धत विकसित केली. ब्रिटनमध्ये स्ट्रोमेंगर याचेही प्रयत्न याच दिशेने चालले होते. 1920 मध्ये बर्कनहेड येथे बांधलेले ‘फुलागर’ हे जहाज रिव्हेटशिवाय केवळ वितळजोडीने उभारले गेले आणि समुद्रात उतरले. बेनार्दोसच्या पेटंटपासून या जहाजापर्यंत पस्तीस वर्षे लोटली. ज्योत मिळणे आणि तिने केलेला सांधा विश्वसनीय होणे, यांतील अंतर एवढे होते.

लेपाचे कार्य एक नव्हे, अनेक आहेत. सळईचे टोक कामास टेकवून किंचित उचलले की प्रज्योत पेटते. साधारणतः गाभ्याच्या तारेच्या जाडीइतके अंतर राखून ती पुढे न्यावयाची असते. लेप जळून निघणारा वायू पातळ धातूभोवतीची हवा दूर सारतो. वितळलेला लेप अशुद्ध द्रव्ये ओढून घेतो व मळीच्या रूपाने सांध्यावर पसरतो. थंड झाल्यावर ही मळी हातोडीने झाडावी लागते. लेपातील पोटॅशियमसारखी द्रव्ये प्रज्योत स्थिर ठेवतात, त्यामुळे प्रत्यावर्ती प्रवाहावरही काम करता येते. लेपातील सेल्युलोज खोलवर शिरणारी प्रज्योत देते; रूटाइल ती मवाळ व हाताळण्यास सोपी करते; चुना व फ्लोरस्पार यांचा लेप सांध्यातील हायड्रोजन कमी करून तडे टाळतो, मात्र अशी सळई दमट राहिल्यास तो गुण नाहीसा होतो.

नंतरच्या पद्धतीही हवेच्या याच प्रश्नाची निरनिराळी उत्तरे होत. प्राणवायू व ॲसिटिलीन यांच्या ज्योतीत ज्योतीचा बाह्य पदरच आडोसा देतो. ही रीत पातळ पत्र्यास उपयुक्त आहे, परंतु तिची उष्णता दूरवर पसरते आणि काम सावकाश होते. 1930 नंतरच्या दशकात विकसित झालेल्या निमग्न-प्रज्योत पद्धतीत प्रज्योत भुकटीच्या ढिगाखाली जळते. लांब व सपाट सांध्यांत तिचा वेग मोठा, पण डोक्यावरच्या सांध्यास ती निरुपयोगी. 1942 मध्ये रसेल मेरेडिथ याने पेटंट मिळविलेल्या पद्धतीत टंगस्टनची कांडी झिजत नाही आणि हेलियमसारखा निष्क्रिय वायू संरक्षण करतो. तिच्यामुळे मॅग्नेशियमही जोडता येऊ लागले. 1948 च्या सुमारास पुढे आलेल्या पद्धतीत तार अखंड सरकत राहते, त्यामुळे सळई बदलण्यासाठी थांबावे लागत नाही. वेग व स्वच्छता यांत लेपयुक्त सळई या पद्धतींहून मागे पडते. तथापि बाहेरून सोडलेला वायू वाऱ्याने उडून जातो, तर सळई आपला आडोसा बरोबरच वाहून नेते. पुलावर, नळमार्गावर व शेतातल्या दुरुस्तीत ती टिकून राहिली याचे हे प्रमुख कारण होय.

वायूपासून वाचलेला सांधा म्हणजे निर्धोक बांधणी, असे मात्र समजता येत नाही. 16 जानेवारी 1943 रोजी अमेरिकेतील पोर्टलंड येथे ‘स्केनेक्टडी’ हे नवे तेलवाहू जहाज शांत पाण्यात, धक्क्याला उभे असतानाच जवळजवळ दुभंगले. आरंभी बोट जोडकामाकडे दाखविले गेले. केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर हिने अशा दुर्घटनांच्या अभ्यासातून दाखविले, की त्या काळचे पोलादच थंडीत ठिसूळ होत असे. रिव्हेट केलेल्या बांधणीत चीर एका पत्र्याच्या कडेशी अडू शके; वितळजोडीने सारे जहाज एकसंध झाले आणि चिरेलाही एकसंध वाट मिळाली.

या इतिहासात प्रज्योतीचे नाव अग्रभागी असले, तरी सांध्याला विश्वसनीयता दिली ती सळईवरील लेपाने. तो लेप काम संपताच मळी होऊन झाडला जातो. तयार सांध्यात त्याचा अंशही दिसत नाही, आणि म्हणूनच शोधांच्या याद्यांत त्याचे स्थान दुय्यम राहिले असावे.